तळघरातला सुस्कारा

सोमवार, ४ सप्टेंबर

आज टेम्पोच्या दारावरचं दादाचं नाव खरवडून काढलं. खालचा पत्रा इतका लख्ख निघाला की नाव गेलं तरी लांबून तेच वाचता येतंय. रंगवावं लागेल.

इतकी वर्षं आम्ही दोघे भाऊ मिळून लोकांच्या बागांतलं गवत कापत आलो. मशीन पेट्रोलची, हात पेट्रोलचे, कपडे पेट्रोलचे. ही माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि बादलीही घराबाहेर ठेवायची. आता टेकडीवरच्या छातीच्या दवाखान्याने सांगितलं की पेट्रोलचा धूर नको, रोगी हिरवळीवर बसतात, दुसरं काही असेल तर या. मी महिनाभर चौकशी करून दोन मशीन प्रोपेन गॅसवर चालणारी करून घेतली. धूर कमी, गवतावर तेल सांडत नाही, प्लग काळा पडत नाही.

दादा म्हणाला, "जळतं ते जळतंच. त्यात हिरवं काय?"

"कमी काळं म्हणजे हिरवंच की."

"तुझं तू बघ मग," म्हणाला, आणि खरंच निघून गेला.

ही तिच्या बहिणीच्या बाळंतपणाला गेली आहे. घरात मी आणि आप्पा. आप्पांचं वय झालंय. काही दिवस मला मी म्हणून ओळखतात, काही दिवस दादा म्हणून. बोलायला कोणी नाही म्हणून ही वही काढली.

गुरुवार, ७ सप्टेंबर

सकाळी चांगलाच आपटलो. टेम्पोच्या फळीवर दव होतं, खांद्यावर भरलेला सिलिंडर. पाय सटकला, डोक्याची मागची बाजू टेम्पोच्या कडेवर आणि सिलिंडर उलटा, तोंडावर फरशीवर. दोघेही शाबूत आहोत. त्याचा पिवळा रंग खरवडला आणि झडपेची मान जराशी वाकडी वाटते, पण माझीही वाटतेय.

आप्पांनी ओला फडका डोक्याला बांधला. "दादाला सांगू नकोस," मी म्हटलं. ते म्हणाले, "तू दादाच नाहीस का?"

गॅसवाल्याने बजावलं होतं की सिलिंडर उघड्यावर, सावलीत, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा. पिंजऱ्याचं लोहाराला सांगितलंय. तोवर तळघरात. तिथे गारवा आहे आणि कुलूपही. गॅसला स्वतःचा वास नसतो म्हणे. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम कुजकट वास मिसळतात. "नाकाला कळलं की दारं-खिडक्या उघडा आणि पळा," असं तो हसत म्हणाला होता. झोपण्याआधी चारही सिलिंडरांना नाक लावून आलो. काही नाही.

मंगळवार, १२ सप्टेंबर

दवाखान्याचं काम मिळालं! मॅनेजरबाईंनी मशीन चालू करायला लावलं, मागे उभ्या राहिल्या, हातरुमाल धुराड्यासमोर धरून बघितला. रुमाल पांढराच. "या उद्यापासून," म्हणाल्या.

घरी येऊन हिला फोन केला. म्हणालो, तू गेल्यापासून कशालाच चव नाही बघ. चहा म्हणजे नुसतं गोड गरम पाणी. ती हसली. "इतक्या वर्षांनी बरं सुचलं तुम्हाला," म्हणाली. पण मी खरंच सांगत होतो.

डोकं दुखायचं थांबलंय. कानात मात्र बारीक सूंऽऽ असा आवाज येतो. सतत नाही, अधूनमधून.

रविवार, १७ सप्टेंबर

आमचं मांजर घर सोडून गेलं. भांडून नाही, चिडून नाही; बाहेरच्या भिंतीवर बसून घराकडे बघत राहिलं आणि दूध दाखवलं तरी उंबरा ओलांडेना. दुपारी बघितलं तर भिंतही रिकामी.

आप्पांनी आपली गादी मागच्या व्हरांड्यात ओढत नेली. त्यांची खोली बरोबर तळघरावर आहे. का, विचारलं तर म्हणाले, "खाली कोण निजलंय?"

"कोणी नाही आप्पा. सिलिंडर आहेत."

"मग श्वास कोण सोडतंय?"

म्हाताऱ्या माणसाचं बोलणं. पण दिवसभर मागे लागल्यासारखं झालं ते.

गुरुवार, २१ सप्टेंबर

आज जे बघितलं ते लिहूनच ठेवतो, उद्या मलाच खोटं वाटेल.

दुपारचं ऊन चांगलं कडक होतं. मशीनवरचा सिलिंडर संपला म्हणून तो पिवळा खरवडलेला घेतला. बसवण्याआधी गवतावर आडवा ठेवला आणि डबा खायला झाडाखाली गेलो. परत येतो तर त्याच्या तोंडाशी गवत पांढरं. चुना सांडल्यासारखं पांढरं. हात लावला तर हिम! घामाने माझा शर्ट अंगाला चिकटलेला, आणि पायाशी ताटाएवढ्या जागेत हिम पडलेलं. पात्याला बोट लावलं की पातं काचेसारखं मोडत होतं.

वर बघितलं. बाकांवर सात-आठ रोगी होते, निळ्या कपड्यांतले. सगळ्यांनी, कोणी खूण न करता, एकाच वेळी बाही नाकाशी धरली. बाकी काही नाही. माझ्याकडे बघत होते. मग एकेक जण उठला आणि हिरवळीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा तसाच माझ्याकडे तोंड करून बसला. एका बाईला चाकाच्या खुर्चीत ढकलत नेलं. तिने मान मागे वळवून शेवटपर्यंत माझ्यावरची नजर काढली नाही.

सिलिंडर उभा केला, दुसरा लावला, काम उरकलं. हिम वितळल्यावर तिथलं गवत तपकिरी झालं होतं.

सोमवार, २५ सप्टेंबर

तो पिवळा सिलिंडर हलका झालाय. तळघरात ठेवला तेव्हा दोन्ही हातांनी उचलावा लागला होता. आज एका हाताने हलला. मी वापरलेला नाही. तळघराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

दुसरी किल्ली दादाकडे आहे.

रविवार, १ ऑक्टोबर

दादा आला होता. आत आला नाही. फाटकाशीच उभा राहिला, नाक मुरडलं. "घरात उंदीर मेलाय तुझ्या. बघ जरा."

"उंदीर नाही मेला. तुझं काय काम होतं?"

"आप्पांना बघायला आलो."

"बघून झालं?"

मी किल्ली मागितली. कसली किल्ली ते क्षणभर त्याला कळलं नाही, किंवा त्याने तसं दाखवलं. मग जुडग्यातून काढून फाटकाच्या खांबावर ठेवली. जाताना म्हणाला, "तुझा चेहरा बरा दिसत नाही रे." गॅसवर चाललेला धंदा याच्या डोळ्यांत खुपतो, आणि हा माझा चेहरा बघतो!

तरीही संध्याकाळी कुलूप बदललं.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

नवं कुलूप जसंच्या तसं. सिलिंडर आणखी हलका.

तळघराच्या पायऱ्यांवर बसून राहिलो बराच वेळ. खालचा दिवा कधीचा गेलाय. जमिनीलगतच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी येते, तेवढाच उजेड. त्या पट्टीच्या खालच्या भागात हवा हलत होती. तापलेल्या रस्त्यावर हलते तशी, पण इथे गार फरशीवर. शेवटच्या पायरीशी कोळी, माशा, एक पाल, सगळी मेलेली. झाडून एकत्र केल्यासारखी.

आणि कानातला आवाज. आज एक गोष्ट लक्षात आली. वर आलो की तो आवाज थांबतो. खाली गेलो की सुरू होतो. दोनदा वर-खाली करून बघितलं. म्हणजे आजार माझ्या कानात नाही, मी तो खाली ठेवून वर येतो. हे लिहिताना हसू यायला हवं होतं.

सिलिंडरांना पुन्हा नाक लावलं, चारही. काहीही वास नाही. नाकावर माझा भरवसा आहे. इतकी वर्षं पेट्रोल शिळं झालंय की ताजं आहे ते मी झाकण उघडून वासाने सांगत आलोय.

सोमवार, ९ ऑक्टोबर

दवाखान्याने काम थांबवलं.

मॅनेजरबाईंनी मला ऑफिसात बोलावलंसुद्धा नाही. बाहेर मोकळ्यावर, माझ्यापासून चार हात लांब उभ्या राहून बोलल्या. "तुमच्या मशीनला वास येतो. तुमच्या टेम्पोला येतो. खरं सांगू का, तुमच्या कपड्यांना येतो. पेशंट तक्रार करतात. तपासून घ्या आणि मग या."

"बाई, या गॅसचा मुख्य फायदाच तो. वास नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आधी राग होता नजरेत, मग दुसरंच काही आलं. "तुम्हाला येत नाही?" त्यांनी हळू विचारलं.

"येत नाहीच. नाहीये तर येणार कसा?"

कोणीतरी यांचे कान भरलेत. कोणी ते सांगायला नको. पण मग काल पैसे देताना भाजीवाला मागे का सरकला? बँकेच्या रांगेत माझ्यापुढची जागा आपोआप का रिकामी झाली? दादा अख्ख्या गावाला जाऊन सांगून आला असं कसं म्हणू? लोक माझ्याभोवती एक मोकळं रिंगण सोडून चालतात. मी पुढे सरकलो की रिंगणही सरकतं.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

यंदा थंडी लवकर सुरू झाली. आप्पा अजून व्हरांड्यातच. दोन गोधड्या, कानटोपी, पण आत यायला तयार नाहीत. ओढून आणलं तर लहान मुलासारखे रडले. "तिथे निजलेलं आता पार जिन्यापर्यंत आलंय," म्हणाले.

मी खाली जाऊन जिन्यावर उभा राहिलो. काही नव्हतं. फक्त तो आवाज, कोणीतरी दात आवळून एक लांब सुस्कारा सोडतंय आणि तो संपतच नाही, असा.

मला भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही. आई जाऊन किती वर्षं झाली, पण आज पहिल्यांदा वाटलं की तिला हाक मारावी आणि तिने ओ द्यावी. मग लगेच वाटलं, नको, ओ देऊ नये.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

हिचा फोन. रविवारी येते म्हणाली. इतकं बरं वाटलं. सगळं सांगितलं नाही, काम थांबलंय तेवढं सांगितलं. ती म्हणाली, नीट जेवता ना? म्हटलं, जेवतो, पण तेच. चव नाही.

"मीठ कळतं?"

"मीठ कळतं. लिंबू कळतं. साखर कळते. बाकी कांदा काय नि सफरचंद काय, दाताखाली कुरकुरतं तेवढंच."

  मग म्हणाली, "तुम्ही पडला होतात ना हो? डोक्यावर?"

"ते जुनं झालं."

"कॉफीची बरणी आहे तिथे? उघडा आणि वास घ्या."

मला रागच आला. मी इथे कोणत्या विवंचनेत आणि ही कॉफी हुंगायला सांगते. म्हटलं, नंतर बघतो, आणि तू आल्यावर गरम पाणी तयार असेल, बंब पेटवून ठेवतो. ती काहीतरी मोठ्याने म्हणत होती, पण आप्पा व्हरांड्यातून पडले की काय असा आवाज झाला म्हणून मी फोन ठेवला. फुलदाणी पडली होती. नंतर बॅटरी संपली आणि चार्जर काही सापडेना.

रविवार, १५ ऑक्टोबर

आजचं आजच लिहितो.

पाणी तापवायचा तेलाचा बंब तळघरात आहे. उन्हाळ्यापासून बंद होता. सकाळी टाकी भरून घेतली, स्वयंपाकघराच्या खणातून काड्यापेटी घेतली आणि खाली निघालो. तळघराच्या दारात आप्पा बसलेले. पाठ दाराला, पाय पसरलेले.

"उठा आप्पा. ती येतेय. पाणी तापवायचंय."

"थंड पाण्याने आंघोळ करेल."

"उठा म्हणतो ना!"

"नाही उठत."

मी त्यांना काखेत हात घालून उचललं. किती हलके झालेत! त्यांनी चौकट धरली, मी बोटं सोडवली, त्यांनी माझ्या मनगटाला चावा घेतला. माझे वडील मला चावले. मी त्यांना बाजूला बसवलं, कुलूप काढलं आणि खाली उतरलो.

बंबाचं तोंड अगदी जमिनीलगत आहे. गुडघ्यावर बसून, कोपर टेकून आत वाकावं लागतं. वाकलो तसं डोकं गरगरलं. फरशी लांब गेली, जवळ आली. तो सुस्कारा आता अगदी कानाशी होता. मी काडी ओढली.

पेटली नाही. दुसरी. तिचं टोक चिखलासारखं पेटीवर फासलं गेलं. तिसरी, चौथी. सगळ्या ओल्या. पेटीच ओली होती, नुसती दमट नाही, बुडवून काढल्यासारखी, आणि मला उचलताना कळलंही नव्हतं.

तेवढ्यात वर धावत येणारी पावलं आणि दादाचा आवाज. तसा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. "काडी ओढू नको! हातातलं खाली टाक! वर ये!" मला उठताच येईना. पाय माझे नव्हते. दादाने तोंडाला मफलर गुंडाळून खाली येऊन मला शर्टाच्या मानेला धरून पायऱ्यांवरून ओढत नेलं. ही दारात उभी होती, आप्पांना कवेत घेऊन, नाकाला पदर, डोळ्यांतून पाणी. "कोणी बटण दाबू नका, कसलंही नाही," दादा ओरडत होता. आम्ही चौघे रस्त्यापलीकडे जाऊन थांबलो. शेजाऱ्यांनाही बाहेर काढलं.

हिला परवाच शंका आली होती. मला फोन लागेना म्हणून ती दादाला करत राहिली, त्याला तो आज पहाटे लागला. तो बाहेरगावी एका मोठ्या कामावर होता, मशीन तिथेच टाकून निघाला, वाटेत स्टेशनवर हिला घेतलं.

घरातला बंब पेटण्याआधी आग विझवायचा बंब दारात आला. एक जवान यंत्र घेऊन आत गेला आणि लगेच परतला. मग झरोक्याची काच फोडली, पंखे लावले. पिवळ्या सिलिंडरची झडप तिच्या वाकड्या मानेतून इतके दिवस थोडी थोडी सोडत होती. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो, पाण्यासारखा साचतो. त्या माणसाने विचारलं, "वास नाही आला तुम्हाला?" मी म्हटलं, नाही. त्याने दादाकडे बघितलं. दादाने मान खाली घातली.

"एक जरी काडी पेटली असती," तो म्हणाला. आमचं घर, मग शेजारचं घर, असं नुसतं डोळ्यांनी मोजलं.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

डॉक्टरांनी डोळे बांधून एकेक बाटली नाकाशी धरली. मी दर वेळी म्हणत होतो, पाणी. नंतर बाटल्या दाखवल्या: लवंग, साबण, कॉफी, दालचिनी. डोक्याच्या मागच्या बाजूला मार बसला की नाकातून मेंदूकडे जाणारे तंतू तुटतात कधीकधी. वास परत येईल का, विचारलं. "काहींना येतो," म्हणाले.

म्हणजे सगळे खरं बोलत होते. ते रोगी, भाजीवाला, बाई, दादा, मांजरसुद्धा. माझ्याशिवाय सगळ्यांना ते दिसत होतं.

आप्पांना विचारलं, "काड्या तुम्ही भिजवल्यात?" त्यांनी माझ्याकडे परक्यासारखं बघितलं. "काड्या कशाला लागतील मला? विडी सोडून युगं झाली." हिने नाही, दादाने नाही, मी नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

रविवार, ५ नोव्हेंबर

लोहाराने पिंजरा बसवला, घरापासून लांब, कुंपणाच्या कोपऱ्यात, वरून पत्रा आणि चारही बाजूंनी वारा. चारही झडपा नव्या, खाली गॅस गळला की वाजणारी घंटी. दर सकाळी साबणाच्या पाण्याने एकेक सांधा दादा तपासतो. त्याने त्याचं एक पेट्रोलचं मशीन गॅसवर करून घेतलंय. "हिरवं-बिरवं मला माहीत नाही, पण प्लग साफ राहतो," म्हणतो. मॅनेजरबाई स्वतः मशीनपाशी उभ्या राहिल्या, दीर्घ श्वास घेतला आणि मान डोलावली. सोमवारपासून काम सुरू.

मी मात्र माणसांची तोंडं वाचायला शिकतोय. खोलीत शिरलो की आधी सगळ्यांच्या नाकपुड्या बघतो. हिच्या केसांत तोंड खुपसलं तर ऊब कळते, बाकी काही नाही. कोणाही बाईचे केस असतील. तिला हे सांगितलेलं नाही.

आज संध्याकाळी बाहेर गारठा होता, दारं-खिडक्या लावून आम्ही जेवायला बसलो होतो. मी रोजच्यासारखं विचारलं, "घरात कसला वास येतोय?" ही सांगते रोज: आज भाजीचा, आज ओल्या कपड्यांचा, आज कसलाच नाही. आज तिने घास हातात धरून मान वर केली. आप्पांनीही केली, त्याच क्षणी, त्याच बाजूला. दोघे थांबले.

"काही नाही," ही म्हणाली.

"काही नाही," आप्पा म्हणाले.

मी उठलो आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. कोणीच मला अडवलं नाही. आम्ही स्वेटर घालून जेवलो.